चांगला पिझ्झा : माहिती सादर करणेबाबत

शेखर यांची बदली पुण्याहून बुलडाण्याला झाली, तेव्हा त्यांच्यापुढे तीन प्रश्न होते : घर, पाणी आणि चांगला पिझ्झा. पहिले दोन आठवडाभरात सुटले. तिसरा सुटायला सत्तेचाळीस दिवस, तेरा तालुके, एक समिती आणि दोन फूटपट्ट्या लागल्या. त्या प्रकरणाची ही हकिगत आहे. ती कुठल्याही फाइलीत सापडणार नाही, कारण फाइलीत वेगळीच आहे.

वरवर हा प्रश्न खाण्याचा वाटतो. होता तो संसाराचा. शेखर यांची पत्नी अनुपमा घरी बसून संगणकावर नोकरी करायची, म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही राहू शकत होती. आधीच्या दोन बदल्यांना ती मुकाट्याने मागोमाग गेली होती. या वेळी तिने एकच अट घातली. बाकी सगळं मी जुळवून घेईन, म्हणाली, पण शनिवारी एक चांगला पिझ्झा मिळाला पाहिजे. सापडला की कळव, मी सामान बांधते.

तेव्हा शेखर हसले होते. तीन आठवडे एकट्याने डबा खाल्ल्यावर त्यांचं हसू मावळलं. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की घर अंगावर यायचं. बायको इथे असावी असं त्यांना फार वाटायचं, आणि हे फोनवर सांगायला लाज वाटायची म्हणून ते तिला हवामान सांगत. बुलडाण्याचं हवामान छान आहे, हे अनुपमाला एव्हाना पाठ झालं होतं.

त्यांनी आधी मोबाइलला विचारलं. मोबाइलने चार ठिकाणं दाखवली. एका ठिकाणाच्या फोटोत पंखा होता, दुसऱ्यात कुणाची तरी नवी मोटारसायकल. मग एका गुरुवारी त्यांनी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, ‘बुलडाण्यात चांगला पिझ्झा कुठे मिळतो?’

इथे त्यांच्या कार्यालयाविषयी सांगणं आवश्यक आहे. ते होतं जिल्हा माहिती संकलन कार्यालय. तालुक्यांकडून माहिती मागवायची, तिची बेरीज करायची आणि वर पाठवायची, हे त्याचं काम. वर तिचं काय होतं हे कुणी विचारलेलं नव्हतं, कारण विचारणं हे काम वरच्यांचं होतं. अशा कार्यालयात साहेबांनी विचारलेला कुठलाही प्रश्न खासगी नसतो. वरिष्ठ लिपिक उत्तमराव, म्हणजे सगळ्यांचे बडेबाबू, यांनी तो संदेश छापून घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तेरा तालुका केंद्रांना पत्र काढलं. विषय : चांगला पिझ्झा – माहिती सादर करणेबाबत. वर लाल शाईत ‘अत्यंत तातडीचे’. सोबत तक्ता होता. त्यात ठिकाण, आकार, चांगला की वाईट, वाईट असल्यास आजवर केलेली कार्यवाही असे रकाने होते.

पत्रावर सही शेखर यांचीच होती. ते रोज दोनशे कागदांवर सह्या करत, त्यातला हा एकशे सेहेचाळिसावा होता.

चौथ्या दिवशी उत्तरं यायला लागली तेव्हा त्यांना कळलं. लोणार केंद्राने ‘निरंक’, म्हणजे काहीही नाही, असं कळवलं होतं. नांदुऱ्याचं म्हणणं असं की, काही प्रवाशांजवळ रेल्वेने पिझ्झा येतो, परंतु गाडी दोनच मिनिटं थांबत असल्याने तो चांगला आहे किंवा कसे याची खातरजमा करता आली नाही. आणखी एका केंद्राकडून मागील वर्षाच्या तुलनेत बारा टक्के वाढ झाल्याचा अहवाल आला. मागील वर्षी कुणी काही विचारलंच नव्हतं. अमडापूर हे तर तालुक्याचं गावही नव्हतं, तरी तिथून ठराव आला, की आमच्या गावावर नेहमीच अन्याय होतो, तरी पहिला पिझ्झा आम्हाला मंजूर करावा. मेहकर केंद्राने मात्र अडचणीचा मुद्दा काढला. माहिती तयार आहे, ‘चांगला’ या शब्दाची व्याख्या कळवावी.

शेखर यांनी उत्तमरावांना बोलावून हे सगळं ताबडतोब थांबवायला सांगितलं.

उत्तमराव शांत होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकवीस साहेब वळणावर आणले होते.

“साहेब, पत्र निघालं म्हनजे निघालं,” ते म्हणाले. “आता बंद कराचं म्हनलं तं काऊन बंद केलं, याची माहिती तेरा तालुक्याले द्या लागते. ते वर जाते. वरून इचारतीन, सुरू काऊन केलं व्हतं. त्याच्यापक्षा चालू राहू द्या ना. चालू असलेल्या कामाले कोनी इचारत नाही.”

यात खोट काढता येईना. शिवाय शेखर यांच्या मनात एक आशाही डोकावली. एवढी यंत्रणा हललीच आहे, तर एखादा पिझ्झा सापडेलही. त्यांनी व्याख्येसाठी समिती नेमली.

समितीत तीन जण होते आणि अध्यक्ष उत्तमराव. समितीच्या पाच बैठका झाल्या. पहिल्याच बैठकीत चवीचा विषय निघाला. चव ही व्यक्तिसापेक्ष बाब असून तीमुळे वाद उद्भवण्याची शक्यता असल्याने ती विचारात घेण्यात येऊ नये, असं एकमताने ठरलं. चव वगळल्यावर काम सोपं झालं. चांगला पिझ्झा तो, जो पूर्ण गोल असेल व ज्याचा व्यास कुठूनही मोजला तरी सारखा भरेल. दुकानाला पाटी असावी, गाडी लावायला जागा असावी, प्रथमोपचाराची पेटी असावी. मोबाइलवर किमान चारशे लोकांनी तारे दिलेले असावेत.

शेवटची अट कठीण होती, कारण बुलडाण्यातल्या एकाही पिझ्झावाल्याला चारशे तारेवाले नव्हते. पण या कार्यालयाने हात टेकले असं कधी झालेलं नाही. तालुका केंद्रांना स्मरणपत्र गेलं, की सर्व कर्मचाऱ्यांनी कुटुंबीयांसह तारे द्यावेत, रकाना निरंक ठेवू नये. कोणत्या दुकानाला, हे पत्रात नव्हतं. ते उत्तमरावांनी फोनवर सांगितलं. दुकान जानरावांचं होतं आणि जानराव उत्तमरावांचे साडू होते. आठवड्यात चारशे बारा लोकांनी पाच-पाच तारे दिले. त्यातल्या एकानेही जानरावांचं दुकान पाहिलेलं नव्हतं, आणि तसं पाहण्याची अटही नव्हती.

मग समिती पाहणीला निघाली. जानरावांकडे सोफा होता, रंगीत दिवे होते, भिंतीवर धबधबा रंगवला होता आणि प्रथमोपचाराच्या पेट्या तर दोन होत्या. पिझ्झा बाहेरून आणलेल्या तयार गोलाचा असल्याने व्यास चारही बाजूंनी तंतोतंत भरला. समितीने तो मोजला, फोटो काढला आणि न खाता परत केला.

पाहणीच्या यादीत शेवटचं नाव जयमालाताईंचं होतं. कार्यालयाच्या इमारतीच्या बाहेर, जिन्याखाली, त्यांची टपरी होती. शेखर रोज त्याच जिन्याने वर जात. अकराच्या सुमाराला तिथून मोठा छान वास यायचा. पण मोबाइलवर त्या जागी काहीच दिसत नसल्याने तो वास कुठून येतो याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. जयमालाताई घरी मळलेली कणीक हातावर थापायच्या, कोळशाच्या शेगडीवर जाड तव्यात झाकण ठेवून भाजायच्या, वर वाफाळता टोमॅटो, लसूण, चीज आणि किंचित हिरवा ठेचा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं होतं, ‘पिझ्झा’.

समितीने फूटपट्टी लावली. एका बाजूने नऊ इंच, दुसऱ्या बाजूने साडेदहा. पहिली पट्टी चुकीची असावी म्हणून दुसरी मागवली. तरी तेच. दुसरा पिझ्झा मोजला, तो आणखी तिसऱ्याच आकाराचा निघाला. अहवालात लिहिलं गेलं, की सदर पदार्थाचा व्यास निश्चित होत नसल्याने तो पिझ्झा या संज्ञेस अपात्र ठरतो, सबब विक्रेतीने सदर शब्द वापरू नये. मोजमापासाठी घेतलेले नऊ नमुने समितीने जागेवरच संपवले, अशीही नोंद आहे.

अहवालावर आणि जानरावांच्या ‘श्रेणी अ’ प्रमाणपत्रावर शेखर यांनी सही केली तेव्हा त्यांच्या कानाला फोन होता. पलीकडे अनुपमा होती. सापडला, ते तिला सांगत होते, अधिकृतपणे सापडला, तू शनिवारी ये.

शनिवारी ती आली. बॅग कार्यालयात ठेवली आणि शेखर तिला थेट जानरावांकडे घेऊन गेले. प्रमाणपत्राला हार घातलेला होता. जानराव स्वतः पिझ्झा घेऊन आले आणि हात बांधून शेजारी उभे राहिले. अनुपमाने एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग पाणी प्यायली.

जानराव काउंटरकडे गेल्यावर तिने हळूच विचारलं, “तू इथे आधी खाल्ला होतास?”

“मी पूर्ण प्रक्रिया राबवली आहे,” शेखर म्हणाले.

“खाल्ला होतास का?”

शेखर प्रमाणपत्राकडे बघत राहिले. खाली स्वतःची सही ठळक दिसत होती. अनुपमा चिडली नाही, हीच पंचाईत झाली. ती चिडली असती तर समजूत घालता आली असती. उद्याची गाडी किती वाजता आहे, एवढंच तिने विचारलं. शेखर यांना फार वाईट वाटलं. सत्तेचाळीस दिवसांत आपण चार लोकांना नीट विचारलंही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाहेर पडताना जानरावांनी कसा वाटला विचारलं तेव्हा ते सवयीने ‘छान’ म्हणाले.

बॅग घ्यायला दोघं कार्यालयात आले. महिनाअखेर होती. पिझ्झ्याचा मासिक प्रगती अहवाल वर पाठवायचा असल्याने सुट्टी असूनही सगळा कर्मचारीवर्ग हजर होता. फक्त तो वर टेबलाशी नव्हता. जिन्याखाली, जयमालाताईंच्या टपरीसमोर, तो ओळीने उभा राहून खात होता. समितीचे तिन्ही सदस्य होते. उत्तमरावांच्या हातात दोन तुकडे होते.

पुठ्ठ्यावर आता लिहिलेलं होतं, ‘चीजवाली भाकर मिळेल’.

अनुपमा वासाने थांबली. तिने एक मागितली आणि तिथेच उभ्याने खायला लागली. पहिला तुकडा संपताच तिने दुसरा उचलला. तोही संपल्यावर तिने बोटं चाटली आणि शेखर यांच्याकडे वळून म्हणाली, “हा पिझ्झा आहे.”

ओळीतली तोंडं चालायची थांबली. जयमालाताईंनी शेगडीवरून मान वर केली.

“व्हता, बाई,” त्या म्हणाल्या. “साहेबाच्या सहीनं भाकर झाली.”

शेखर यांनी उत्तमरावांना बाजूला घेतलं आणि ते इथे केव्हापासून खातात हे विचारलं. सात वर्षं झाली, उत्तमरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, एक दिवस खाडा नाही. मग मला आधी का सांगितलं नाही, असं शेखर यांनी विचारताच उत्तमरावांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य उमटलं.

“साहेब, तुमी चांगला कुठी भेटते ते इचारलं. आमी कुठी खातो, ते काई इचारलं नाही.”

अनुपमा दुसऱ्या दिवशी गेली ती सामान आणायलाच. आता ती बुलडाण्यातच असते आणि शनिवारी दुपारी दोघं जिन्याखाली उभी असतात. हवामानही, तिच्या मते, खरंच छान आहे. तिने उत्साहाने मोबाइलवर जयमालाताईंची जागा दाखल केली, ‘इतका चांगला पिझ्झा मी कुठेच खाल्ला नाही’ असं लिहिलं आणि पाच तारे दिले. सोमवारी उत्तमरावांनी शेखर यांच्यापुढे एका नोटिशीचा मसुदा ठेवला : अपात्र पदार्थास जाहीररीत्या पिझ्झा संबोधल्याबाबत खुलासा सादर करणे, प्रति श्रीमती अनुपमा. शेखर यांनी हा कागद सही करण्यापूर्वी वाचला. त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिली वेळ होती. त्यांनी त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला, आणि तो अजून दप्तरी आहे.

आता तुम्ही वाचक म्हणून मनातल्या मनात उत्तमरावांना हसत असाल आणि बुलडाण्याला गेलात की जिन्याखालीच खायचं, असं ठरवतही असाल. तुम्ही तसं करणार नाही. गावात उतरल्यावर तुम्ही आधी मोबाइल काढाल. जानरावांचं दुकान पहिलं दिसेल, पाच तारे, चारशे तेरा लोक. जयमालाताईंचं एकच माणूस, तेही साहेबांची बायको, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार असं तुम्हाला वाटेल. तुम्ही सोफ्यावर बसाल, धबधब्यापुढे फोटो काढाल, घास बराच वेळ चावाल. आणि निघताना जानराव हात बांधून, कसा वाटला साहेब, म्हणून विचारतील तेव्हा त्यांच्या देखत पाचवा तारा दाबाल.

चारशे तेरावा असाच कुणीतरी दाबून गेला आहे.