तीन नंबरच्या पट्ट्याखालचं मूळ

सोमवारच्या टपालात जिल्हा बोल्स संघटनेचं पत्र आलं आणि मर्व्ह ट्रेव्हॅस्किसने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा चष्मा होता म्हणून, आणि तिसऱ्यांदा मजकूर बदलतोय का ते पाहावं म्हणून. मजकूर बदलला नाही. शनिवारचा अंतिम सामना पेंडारा क्लबच्या मैदानावर ठरला होता खरा, पण पाहुण्या पोर्ट वॉलन क्लबने तक्रार केली होती की पेंडाराच्या हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या तीन नंबरच्या पट्ट्याला टेंगूळ आहे. गुरुवारी पंच येऊन दोरी लावून बघणार होत्या. टेंगूळ सापडलं तर सामना पोर्ट वॉलनला.

मर्व्ह हा क्लबचा बिनपगारी ग्रीनकीपर. बावीस वर्षं त्याने ती हिरवळ कापली होती, भिजवली होती, तिच्यावर रोलर फिरवला होता. तिला टेंगूळ आहे म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला आंधळा म्हणण्यासारखं होतं. तो तडक मैदानावर गेला, तीन नंबरच्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी दोरी ताणली आणि पोर्ट वॉलनवाल्यांना खोटं पाडण्यासाठी पोटावर पालथा पडला. दोरी मधोमध गवताला टेकलेली होती आणि दोन्ही बाजूंना तिच्याखालून दोन बोटं जात होती. मर्व्ह पाच मिनिटं तसाच पडून राहिला. क्लबचा अध्यक्ष कॉलिन पेन्हॉल त्याला काही झालंय की काय म्हणून धावत आला.

"मेलास का रे?"

"मिरीच्या झाडाचं मूळ आहे," मर्व्ह गवतातूनच म्हणाला. "खालून आलंय, तिरकं."

हे मिरीचं झाड, आपली मिरीची वेल नव्हे तर तसेच दाणे धरणारा मोठा वृक्ष, क्लबच्या मागे, मर्व्हच्या परसदाराच्या कुंपणाला लागून उभं होतं. कुणी लावलं ते कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे दोषही कुणाला देता येत नव्हता.

आता हा सामना नुसता सामना नव्हता. मर्व्हची बायको नोएलीन ही पेंडाराच्या संघाची कर्णधार. अकरा वर्षं ती तीन नंबरच्या पट्ट्यावर हरली नव्हती. तिचा गोळा जाताना असा निघायचा की पाहणाऱ्याने म्हणावं, गेला हा कडेच्या खंदकात. आणि मग अर्ध्या वाटेत काही आठवल्यासारखा आत वळून जॅकला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या पांढऱ्या गोळ्याला, जाऊन बिलगायचा. पाहुण्यांचे गोळे त्याच जागी येऊन वाट चुकायचे. नोएलीनच्या मनगटाबद्दल साऱ्या जिल्ह्यात बोललं जाई. पण अंतिम सामना तिने एकदाही जिंकला नव्हता, कारण तो दरवर्षी बाहेरगावी व्हायचा. यंदा पहिल्यांदा घरी होता, आणि नोएलीन सत्तर वर्षांची झाली होती.

नेमकी ती त्या आठवड्यात बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडलेडला गेलेली. शनिवारी सकाळच्या बसने येऊन थेट खेळायला उतरणार होती. दुपारी तिचा फोन आला.

"मैदान कसं आहे?"

"छान आहे," मर्व्ह म्हणाला. हे त्याच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच खोटं. एकदा त्याने स्वतःच्या बायकोचा गोळा केसभर लांब आहे असं आपणहून सांगून तिला सामना हरवला होता, असा हा माणूस. पण तिथे बहिणीच्या डोळ्याला पट्टी, इथे मैदानाला टेंगूळ. बाईने किती काळजी करायची? सपाट मैदान करून तिला चकित करायचं त्याने ठरवलं.

बेत सोपा होता. मुळावरची हिरवळ कापून गालिच्यासारखी गुंडाळायची, खालचं मूळ करवतीने कापून काढायचं, वाळू भरायची, गालिचा पसरायचा. मर्व्हने टिकाव, पहार आणि फांद्या छाटायची करवत घेतली आणि अर्धा तास धरला.

अर्ध्या तासात त्याने मूळ उघडं केलं. मनगटाएवढं जाड होतं. करवतीचे दोन हात मारले की मातीतल्या वाळूने दात बोथट होत, मग दात घासायचे, मग पुन्हा दोन हात. संध्याकाळपर्यंत खंदकाच्या बाजूचं टोक सुटलं. दुसरं टोक कुठे आहे ते मूळच जाणे. कॉलिन हा निवृत्त प्लंबर. आयुष्यभर लोकांच्या गटारांतून मुळं उपसली म्हणून त्याला या विषयात मत होतं.

"हाताने काय खरवडत बसलायस? माझी विजेची करवत आणतो. लोणी कापल्यासारखं कापते."

मंगळवारी त्या करवतीने मूळ कापलं आणि मुळाने विळखा घातलेला, हिरवळ भिजवायच्या कारंज्याचा पाइपही कापला. पाणी उसळून कॉलिनच्या सदऱ्यात शिरलं. पंप बंद करून येईपर्यंत तीन नंबरच्या पट्ट्यावर बदकं पोहतील एवढं तळं झालं होतं.

"चांगलंच झालं," सदरा पिळत कॉलिन म्हणाला. "माती भिजली की मूळ आपसूक सुटतं. गाडीने ओढू."

"मैदानावर गाडी?"

"गाडी बाहेर रे. माझा होडी ओढायचा दोर लांब आहे. हळूच ओढू, दाढ काढल्यासारखं."

कॉलिनची दाढ कुणी काढली होती कोण जाणे. त्याने मागच्या रस्त्यावर गाडी उभी केली, दोराचं एक टोक गाडीला आणि दुसरं मुळाला बांधलं. गाडी पहिल्यांदा हललीच नाही. मग जराशी हलली. मग एकदम निघाली. मूळ जमिनीतून असं वर आलं की वरची हिरवळ चेन उघडावी तशी तीन नंबरच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत फाटत गेली. मुळाबरोबर कारंज्याचा उरलेला पाइप आला, आणि मूळ ज्याच्या खालून गेलं होतं त्या गुणफलकाचा खांबही आला. कॉलिनने गाडी थांबवली तेव्हा मूळ रस्त्यावर पसरलं होतं. मर्व्हने सवयीने पावलं टाकून मोजलं. चौदा मीटर.

"निघालं," कॉलिन म्हणाला.

मर्व्हने मागे वळून मैदानाकडे पाहिलं. "निघालं," तोही म्हणाला.

बुधवारी चर वाळूने भरून दोघांनी दिवसभर रोलर फिरवला. पण हिरवळीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्या जातीचं गवत गावात आणखी एकाच ठिकाणी होतं. जगातला प्रत्येक ग्रीनकीपर क्लबच्या गवताची चार मुळं घरी नेऊन लावतो, आणि मर्व्हसारख्या सरळ माणसाने ती कमिटीची लेखी परवानगी घेऊन नेली होती. मर्व्हच्या परसातलं गवत म्हणजे नोएलीनचा जीव होता. त्यावर ती कुत्र्यालाही फिरू देत नसे.

"आनंदाच्या भरात तिच्या लक्षातही यायचं नाही," फावडं मारत कॉलिन म्हणाला. दुपारपर्यंत परसातलं सगळं गवत तीन नंबरच्या पट्ट्यावर गेलं आणि कपडे वाळत घालायचा दांडा उघड्या मातीत एकटा उभा राहिला.

गुरुवारी पंच मिसेस हॉकिंग आल्या. त्यांनी दोरी लावली, लेव्हल लावली, गुडघे टेकून एक डोळा मिटून पाहिलं. हिरवळीवर शिवणी दिसत होत्या, पण नियमात सपाटीबद्दल लिहिलंय, रूपाबद्दल नाही, असं त्या म्हणाल्या.

"तीस वर्षं पंचगिरी करतेय, मिस्टर ट्रेव्हॅस्किस. इतकं सपाट मैदान पाहिलं नाही."

मर्व्हच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलिनने सौजन्याने दुसरीकडे पाहिलं.

शनिवारी नोएलीन बसमधून उतरली, क्लबवरच पांढरे बूट घातले आणि खेळायला उभी राहिली. शिवणींकडे तिने एकदा पाहिलं. मर्व्हने लांबून हात हलवला. तिने पहिला गोळा सोडला. तो नेहमीसारखाच, गेला हा खंदकात असं म्हणावं तसा निघाला. अर्ध्या वाटेवर आला, जिथे त्याला काहीतरी आठवायचं तिथे आला, आणि त्याला काहीच आठवलं नाही. तो खंदकात गेला.

दुसरा खंदकात गेला. तिसऱ्या फेरीपर्यंत मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला मर्व्ह पांढरा पडला होता.

"मर्व्ह," शेजारी बसलेला कॉलिन समोर बघत म्हणाला.

"हं."

"आपण काय काढलं रे?"

पोर्ट वॉलनचे गोळे अगदी सरळमार्गी माणसासारखे ठरल्या जागी जात होते. पेंडारा हरलं, एकतीस विरुद्ध नऊ. सामना संपल्यावर पोर्ट वॉलनच्या कर्णधाराने मर्व्हचा हात हातात घेऊन मैदानाची मनापासून तारीफ केली.

घरी आल्यावर नोएलीनने पांढरे बूट पुसले, खोक्यात ठेवले आणि खोकं कपाटाच्या वर सरकवलं.

"हात गेला माझा, मर्व्ह. वय झालं. आता पुरे."

मर्व्हने किटली ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. गप्प बसावं तर ते खोकं पुन्हा कधी खाली येणार नाही. सांगावं तर अकरा वर्षांचं तिचं मनगट एका मुळाच्या नावावर जाणार. पण खोटं एकदा बोलून झालं होतं आणि दुसऱ्यांदा बोलायची त्याला ताकद नव्हती.

"हात जागेवर आहे तुझा," तो म्हणाला. "गेलं ते मूळ." आणि त्याने टेंगळापासून सगळं सांगितलं: करवती, कारंजं, गाडी. परसातलं गवत तिला खिडकीतून दिसतच होतं; म्हणजे दिसत नव्हतं.

नोएलीनने ऐकून घेतलं. "आणि मी बसमधून उतरले तेव्हा बोलला नाहीस."

"तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

"धक्का बसला." तिने खुर्ची ओढली. "मर्व्ह, मोठा दुष्काळ पडला, नळाच्या पाण्यावर बंदी आली, गावातली निम्मी झाडं वाळली. आपल्या मागचं मिरीचं का नाही वाळलं, कधी मनात आलं?"

"जुनं झाड. मुळं खोल असतात."

"खोल कशाला जातील? दोन वर्षं कपडे धुतलेलं पाणी मी रोज बादलीने ओतत होते त्याला. मैदानाच्या बाजूने. पाणी जिकडे, मुळं तिकडे."

किटली शिट्टी वाजवत राहिली. शेवटी नोएलीननेच उठून ती बंद केली.

"तुला ठाऊक होतं?" मर्व्ह म्हणाला.

"पहिल्या वर्षापासून. गोळा सोडला कुठे आणि जातोय कुठे, हे बघायला डोळे लागतात फक्त. तू मेला रोज रोलर फिरवून आंधळाच राहिलास."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काढलं असतंस. दुसऱ्याच दिवशी. तू प्रामाणिक आहेस. प्रामाणिक माणसाशी संसार करायचा तर बाकीचं सगळं आपल्यालाच बघावं लागतं, बाबा."

"पण आत्ता म्हणालीस ना, हात गेला म्हणून?"

"मग काय म्हणायचं होतं? मूळ गेलं म्हणाले असते तर तुला कळलं नसतं?"

मर्व्हने दोघांसाठी चहा ओतला आणि तिच्या कपात न विचारता दोन बिस्किटं जास्त ठेवली. ती कपात बुडाली. नोएलीनने चमच्याने ती काढून खाल्ली.

सोमवारी त्याने ग्रीनकीपरपदाचा राजीनामा दिला. कॉलिनने कारण विचारलं तेव्हा "गुडघे" एवढंच म्हणाला. मिरीचं मूळ छाटलं की त्या जागी दुपटीने फुटतं आणि ग्रीनकीपरने ते वेळीच खणून काढायचं असतं, हे त्याला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. मंगळवारी कपडे धुऊन झाल्यावर तो बादली घेऊन उघड्या परसातून झाडाकडे निघाला.

"तिथे नको," खिडकीतून नोएलीन म्हणाली. "आणखी डावीकडे."

माजी ग्रीनकीपर दोन पावलं डावीकडे सरकला आणि त्याने पाणी ओतलं.