थोरलीच्या नावावर धाकटीची बोटं

थोरलीची दहाही बोटं यंत्रानं नाकारली, तेव्हा तिनं यंत्रालाच नावं ठेवली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं सोड्याच्या पाण्यात चादरी पिळून तिच्या बोटांवरच्या रेघा पार पुसल्या गेल्या होत्या. ओळखपत्राच्या केंद्रातला ऑपरेटर म्हणाला, हात धुऊन या. ती धुऊन आली. मग म्हणाला, तेल लावून या. चौथ्या खेपेला त्याचं डोकं स्क्रीनमध्ये खुपसलेलं पाहून तिनं शेजारी बसलेल्या धाकट्या जावेचे हात धरले आणि काचेवर टेकवले. दहाही खुणा हिरव्या झाल्या. फोटो थोरलीचा, बोटं धाकटीची. पुढे धाकटीची पाळी आली आणि नेटवर्क गेलं. पुन्हा कधीतरी येऊ, म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

तेव्हापासून दर महिन्याला पेन्शनच्या खिडकीशी थोरली पुढे उभी राही, धाकटी मागे, आणि थोरलीच्या शालीखालून तिसरा हात बाहेर येई. उपकार वगैरे थोरली मानत नसे. एका चुलीवर चाळीस वर्षं काढल्यावर बोट काय आणि पळी काय, घरातलीच वस्तू, असं तिचं म्हणणं. धाकटी ऐकून घेई. ऐकून घेण्यातच तिचा जन्म गेला होता.

मग धाकटीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला गुरुवारची तारीख मिळाली, पण इस्पितळानं ओळख क्रमांक मागितला. केंद्रात धाकटीनं बोटं टेकवली, तर स्क्रीनवर थोरलीचा फोटो उमटला. धाकटीला तो दिसलाच नाही. थोरलीला दिसला, आणि आपलाच तो तोरा पाहून तिची मान खाली गेली.

ऑपरेटरनं दोघींना आत साहेबांपुढे नेलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की थोरलीची नोंद रद्द झाल्याशिवाय धाकटीची होणार नाही. आणि रद्द करायला नोंदीतल्याच अंगठ्याचा ठसा लागेल. म्हणजे थोरलीला मिटवायचं, तर अंगठा धाकटीनं द्यायचा.

"मी नाही देणार," धाकटी म्हणाली. "जित्या माणसाला पुसायचं पाप मला नको. आंधळी राहीन."

त्या क्रमांकावर थोरलीची पेन्शन होती, रेशन होतं, कुणापुढे हात पसरावा न लागण्याचा सगळा ताठा होता.

"आंधळी होऊन माझ्या गळ्यात पडणार होय?" असं म्हणत तिनं धाकटीचं मनगट धरलं आणि अंगठा काचेवर दाबला. यंत्र वाजलं. सरकारदरबारी थोरली नाहीशी झाली, आणि पाच मिनिटांत धाकटी जन्माला आली.

"आता माझं काय?" थोरलीनं विचारलं.

साहेबांनी दुसरा कागद काढला. ज्यांची बोटं उमटत नाहीत, त्यांच्यासाठी नोंद झालेल्या घरच्या माणसानं ग्वाही द्यायची, की झालं. नियम पहिल्यापासून होता, फक्त विचारायला हवं होतं. विचारणं थोरलीच्या रक्तातच नव्हतं.

"बोला बाई," साहेब धाकटीला म्हणाले, "समोर बसल्यात त्या तुमच्या थोरल्या जाऊबाईच ना? नीट बघून सांगा."

धाकटी वळली. थोरलीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती बराच वेळ न्याहाळत राहिली. इतका वेळ थोरलीकडे रोखून पाहायची चाळीस वर्षांत तिची प्राज्ञा नव्हती.

"आवाज ओळखीचा वाटतो, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "पण चेहरा धूसर दिसतो. उगाच खोटी ग्वाही कशाला? शुक्रवारी पट्टी सुटली, की बघून सांगते."

धाकटीची पिशवी आपल्या खांद्याला अडकवून थोरली तिला जिन्यावरून उतरवू लागली, पुढची पायरी किती खोल आहे ते प्रत्येक वेळी हळू आवाजात सांगत.