कुठले मोने?

पाणीपुरवठा कार्यालयातल्या एका कारकुनाला सगळे 'डिक्शनरी' म्हणत. समोरच्याच्या बोलण्यात चुकीचा शब्द आला की तो दुरुस्त केल्याशिवाय चहाचा घोट त्याच्या घशाखाली उतरत नसे. (निम्म्या वेळा दुरुस्तीच चुकीची असे, पण त्याची खात्री करायला पुन्हा त्याच्याकडेच जावं लागे.)

तर या डिक्शनरीच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. पोपडे गळायला लागले.

"ताईच्या मिस्टरांना विचारू या का?" बायको म्हणाली.

ताईचे मिस्टर, म्हणजे डिक्शनरीचे साडू, डेकोरेटर होते. परदेशात शिकून आलेले. भिंतीला भिंत न म्हणता 'सरफेस' म्हणणारे.

"भिंत रंगवायला कुठे अक्कल लागते?" डिक्शनरी फणकारला.

"मग तुम्हीच रंगवा."

डिक्शनरी ही परवानगी समजला. माळ्यावर निळ्या, हिरव्या आणि गुलाबी रंगाचे अर्धवट डबे पडले होते. ब्रश वाळून लाकूड झाला होता, म्हणून आंघोळीचा स्पंज घेतला. निळा वाळायच्या आत हिरवा चढवला, हिरव्याचे ओघळ पुसायला गेला तर कोपर लागून गुलाबी डबा उडाला. संध्याकाळपर्यंत भिंत, फरशी आणि डिक्शनरी एकाच रंगाचे झाले.

रविवारी नेमके साडू टपकले. दारातच थबकले. मग भिंतीला नाक टेकेपर्यंत जवळ गेले आणि मिशीत हसत म्हणाले, "साडूभाऊ, धिस इज अ मोने!"

"कुठले मोने?"

"अहो, फ्रान्सचे!"

"हां हां, ते होय!" डिक्शनरी म्हणाला. साडूंची पाठ वळताच त्यानं बायकोला विचारलं, "अगं, मोन्यांपैकी फ्रान्सला कोण असतं?"

"कुणी का असेना. फरशी पुसा."

फरशी राहिली. डिक्शनरीनं डिक्शनरी काढली. मोने काही सापडेनात. शेवटी सापडले ते 'मोनेट' होऊन बसले होते. त्यातला 'टी' नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही. अर्थ दिला होता: थोर फ्रेंच चित्रकार. पाणी, प्रकाश, कमळं.

त्याची छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण कामावरून गेलं.

सोमवारी अख्ख्या ऑफिसला बातमी कळली. योगायोग असा, की ऑफिसच्या दर्शनी हॉलची भिंतही गळत होती (पाणी खात्याचं पाणी, जाणार कुठे?) आणि शुक्रवारी मुख्य अधिकारी मॅडम पाहणीला येणार होत्या. साहेब घायकुतीला आले होते.

"भिंत माझ्यावर सोडा," डिक्शनरी म्हणाला. "परदेशात शिकलेल्या माणसानं मला मोने म्हटलंय."

साहेबांनी सोडली. गुरुवारी दुपारी भिंत स्पंजानं माखून तयार झाली. संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. ती इंग्रजी शिकत होती. बापानं तिला सगळा पराक्रम ऐकवला.

"बाबा, काका नुसतं 'मोने' म्हणाले, की 'अ मोने'?"

"अ मोने! त्या 'अ'नंच तर वजन आलं."

लेक खाली बसली. "अहो बाबा, आडनाव त्या चित्रकाराचंच. पण बोली इंग्रजीत 'अ मोने' म्हणजे लांबून झकास, आणि जवळ गेलं की नुसता राडा."

डिक्शनरीच्या पायाखालची जमीन सरकली. (ती अजून रंगानं माखलेलीच होती.) भिंत आता पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, साहेबांना तोंड दाखवायला जागा नव्हती. तो उठून बाहेरच्या खोलीतल्या आपल्या भिंतीसमोर गेला, मागे सरकला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे. बायकोला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण शेवटच्या खेपेला मागे सरकताना तो हसत होता.

शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचला. गोदामातून जाड दोर आणला, भिंतीपासून चांगला लांब, खांबापासून खांबापर्यंत बांधला आणि पाटी लावली: 'कृपया दोरापुढे जाऊ नये.'

मॅडम आल्या. मागोमाग कोण? साडू! खात्याच्या नव्या इमारतीच्या सजावटीचं काम मिळवायला ते बरोबर आले होते. मॅडम दोराशी थांबल्या. एकटक बघत राहिल्या.

"किती सुंदर! तळ्याकाठी उभं राहिल्यासारखं वाटतंय. कुणी केलं?"

साहेबांनी डिक्शनरीला पुढे ढकललं. साडूंना राहवेना. ते दोराखालून वाकत म्हणाले, "मॅडम, जरा जवळून बघा, म्हणजे कळेल..."

"थांबा!" मॅडम कडाडल्या. "दोर दिसत नाही? चित्र लांबून बघायचं असतं, एवढंही माहीत नाही तुम्हाला? नव्या इमारतीच्या भिंतींचं आधी या गृहस्थांना विचारा."

साडू वाकले होते तसेच मागे आले. मॅडम पुढे गेल्यावर कुजबुजले, "साडूभाऊ, मी मोने म्हणालो त्याचा अर्थ..."

"ठाऊक आहे," डिक्शनरी शांतपणे म्हणाला. "पण साडूसाहेब, शब्दाचा अर्थ नुसता माहीत असून भागत नाही. तो वापरायचा कसा, तेही यावं लागतं."

घरी येताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बायकोला त्यानं सगळं रंगवून सांगितलं. दोर तर दोनदा बांधून दाखवला.

"कळलं ना? लांबून झकास, जवळून राडा. आणि सुचली कुणाला, दोर बांधायची युक्ती?"

"तुम्हालाच," बायको चहा गाळत म्हणाली. "लग्न ठरवताना मीसुद्धा तुम्हाला खिडकीतून, लांबूनच पाहिलं होतं. तेव्हा दोर बांधायचं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही."