घरी नेण्यासारखं अक्षर

आंगणे गुरुजी तीस मोठ्या माणसांना पहिलीच्या बाकांवर बसवत आणि डाव्या हाताने लिहायला लावत. ही माणसं साधीसुधी नव्हती. सगळी म्युनिसिपालिटीच्या शाळांतली मास्तर-बाई मंडळी होती, त्यांतल्या काहींची हयात मुलांकडून मुळाक्षरं गिरवून घेण्यात गेलेली. कुणाचे गुडघे बाकाखाली मावत नसत, कुणाचं पोट मावत नसे. गुरुजी फळ्यावर एक ओळ लिहीत, वळत आणि म्हणत, "हं, उजवा हात मांडीखाली दाबा. बघू, डावा काय म्हणतो."

डावा काय म्हणणार? रडायचा. पेन्सिल चार बोटांनी आवळून धरावी लागे, जीभ आपोआप दातांत येई आणि पाच मिनिटांनी कागदावर कोंबडी नाचून गेल्यासारखं काहीतरी दिसे. कुणी हात झटकला की गुरुजी विचारत, "दुखला? दुखू दे. पहिलीतल्या पोराचा रोज दुखतो."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की परळच्या एका शाळेत तिसऱ्या मजल्यावर हा उजळणी वर्ग भरे. मुलांना लिहाय-वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपलं शिकवणं सुधारावं, असा त्याचा हेतू परिपत्रकात छापलेला होता. आम्ही जायचो ते हजेरीसाठी. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. हरताळ पडला की वर्ग बुडे आणि आम्हाला दुहेरी आनंद होई. मुंबई तर आम्हाला पाहिजेच होती, पण शनिवारची दुपारही मिळाली असती तर आमची ना नव्हती.

त्यातून मला हा डाव्या हाताचा उद्योग जास्तच झोंबे, कारण माझं अक्षर. आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, माझं अक्षर मोत्यासारखं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत गावी जाणारी पत्रं मी लिहायचो, गणपतीतला फळा माझ्या हातचा असायचा, आणि शेजारणी आपल्या मुलांना सांगायच्या, "परब मास्तरांसारखं काढ." वर्गात माझ्याकडे एक शिसवी रूळ होता. ज्याचं अक्षर वाकडं त्याच्या बोटांच्या पेरांवर तो बसायचा. मला स्वतःला कुणी मारलं नव्हतं, पण मारल्याशिवाय अक्षर सुधारत नाही अशी माझी खात्री होती. अशा खात्र्या विशीत फार असतात.

गुरुजींचा अवतार म्हणजे धोतर, काळी टोपी आणि एक कोट, ज्याच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे असायचे. खिशातून रुमाल काढून ते तोंड पुसत आणि तोंड पांढरं करून घेत. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असतील. 'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. वाकड्या अक्षरावर बोट ठेवून ते म्हणत, "हे अजून यायचंय." जणू तो पाहुणा आहे आणि त्याची गाडी चुकली आहे.

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना पहिलीचं वाचनपुस्तक दिलं आणि उलटं धरून मोठ्याने वाचायला सांगितलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या एका मास्तरांना 'आई, मला पाणी दे' या वाक्याला घाम फुटला. ते 'आ' म्हणाले, थांबले, मग 'ई' म्हणाले आणि ओळ सुटू नये म्हणून त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. गुरुजी लगेच जवळ आले.

"बोट ठेवलंत?"

"नाही म्हणजे, ओळ हरवते हो."

"हो ना? मग पोरानं ठेवलं की त्याचं बोट का उचलता?"

मास्तरांनी बोट उचललं. आम्हीही आपापली बोटं हळूच बाकाखाली घेतली.

बाहेरच्या जगाकडेही गुरुजी अक्षर म्हणूनच बघत. एका दुपारी शाळेसमोरून गिरणी कामगारांचा मोर्चा चालला होता. आम्ही फुटपाथवर उभे राहून आवाजाला आवाज मिळवत होतो. गुरुजी एकदम पुढे झाले, एका कामगाराच्या हातातला फलक धरला आणि खिशातून खडू काढला. "घोषणा जोरात आहे, पण अक्षर भित्रं आहे," असं म्हणून त्यांनी 'झालाच पाहिजे'चे काने ठळक करायला घेतले. तो बिचारा घाईला आलेला. "अवो मास्तर, पोलिस येतायत, काने कसले काढताय?" गुरुजी म्हणाले, "एवढा एकच राहिलाय." आणि तो काढूनच त्यांनी फलक सोडला.

पण त्यांची सगळ्यांत चमत्कारिक सवय वेगळीच होती. वर्ग संपला की ते डाव्या हाताने लिहिलेले आमचे कागद गोळा करत. त्यांतला जो सगळ्यांत भयंकर असेल तो वर धरून खूश होऊन म्हणत, "वा! हे घरी नेण्यासारखं आहे." आणि असे पाच-सहा कागद नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. ते पुन्हा कधी दिसत नसत. कुणी म्हणे गुरुजी पुस्तक लिहीत आहेत, कुणी म्हणे वरच्या साहेबांना दाखवतात. मला हे दुसरं खरं वाटे. माझा वाकडा कागद कुण्या साहेबाच्या टेबलावर पडलाय आणि साहेब हसतोय, हे चित्र मला जेवताना दिसायचं.

शेवटी मी एक प्रकार केला. आम्ही लिहीत असताना गुरुजी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत. त्यांचं म्हणणं, लिहिणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहू नये, हात आखडतो. त्या शनिवारी मी भिंतीकडच्या बाकावर बसलो, मांडीखालचा हात काढला आणि उजव्या हाताने मुद्दाम वाकडं लिहिलं. थोडं वाकडं, बेताचं. वाईट दिसेल पण लाज जाणार नाही, इतपत.

शेजारच्या बाकावर जाधवबाई होत्या. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या, आदल्याच वर्षी घरच्यांबरोबर धम्मदीक्षा घेतलेल्या. डाव्या हाताचा राग न येणाऱ्या आमच्यातल्या त्या एकट्याच. त्यांचे वडील चाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडूनच लिहायला शिकले होते. "उजव्याच हाताने शिकले, पण अक्षर असंच यायचं," असं त्या सांगायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी बघितलंय हं."

"सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही बघा."

त्या दिवशी गुरुजींनी माझा कागद उचलला, जरा वेळ बघितला आणि म्हणाले, "परब मास्तर, आज तुमचंही घरी नेण्यासारखं आहे." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या शनिवारी गुरुजी परिपत्रक घेऊन आले आणि तासभर वाचत बसले. कागद नाहीत, डावा हात नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. वर्गात सगळ्यांना हायसं वाटलं. जाधवबाई तेवढ्या म्हणाल्या, "गुरुजींचं काहीतरी बिनसलंय." वर्ग सुटल्यावर गुरुजींनी मला थांबवलं आणि खिशातून माझा कागद काढला. घड्या पडून तो मऊ झाला होता.

"मास्तर, हे कुठल्या हाताने लिहिलंत?"

खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. मी तो घालवला. "डाव्या, गुरुजी."

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला आणखी खजील वाटलं. "मी तेच म्हणत होतो. आमच्या घरी एकजण म्हणतात, हे उजव्या हाताचं आहे. मी सांगितलं, माझे शिक्षक मला फसवायचे नाहीत." मग थोडं अडखळत म्हणाले, "उद्या घरी येऊन एवढं त्यांना सांगाल का? माझं ऐकत नाहीत."

रविवारी दुपारी मी नायगावला गेलो. जाताना चार वेळा परत फिरावंसं वाटलं. दोन खोल्यांची जागा होती. खिडकीशी खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी आणून ठेवल्यासारखा. त्यांच्यामागच्या भिंतीवर खळीने चिकटवलेले आमचे कागद होते, ओळीने, छतापर्यंत. प्रत्येकाशेजारी पाटीवर ठेवून लिहिलेला आणखी एक कागद, त्यावर त्याच ओळी, थरथरत्या, आमच्याहून वाकड्या. वरच्या रांगेत त्या ओळखू येत नव्हत्या. खालच्या रांगेत येत होत्या.

गुरुजी मला बाहेरच्या गॅलरीत घेऊन गेले. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दादरच्या एका मुलींच्या शाळेत अक्षर शिकवत. निम्म्या दादरच्या मुलींचं वळण त्यांच्या हातचं. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. मालवणात त्यांची बहीण आहे, दर पंधरवड्याला तिला पत्र जायचं. गुरुजींनी लिहून देतो म्हटलं तर माईंनी मान हलवली. माझं अक्षर नाही तर माझं पत्र कसलं? डाव्या हाताने लिहायला बसल्या आणि स्वतःचं अक्षर बघून पाटी भिरकावून दिली.

"तेव्हा मला सुचलं," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, शिकवणाऱ्यांचं डाव्या हाताचं अक्षर कसं येतं ते तर बघ. पहिला कागद बघून ती हसली, मास्तर. आजारानंतर पहिल्यांदा. मग रोज बसायला लागली. पत्रापर्यंत पोचलोच होतो." ते थांबले. "तुमच्या कागदानंतर म्हणते, सगळेच कागद खोटे. तुम्हीच बाहेर बसून माझ्यासाठी रचलेत. पाटीला हात लावत नाही."

आता मला माझा रूळ आठवला, का ते सांगता येत नाही. माझ्या पेरांवर कुणीतरी तो मारावा असं मात्र वाटलं.

आत आलो. पाटी फडताळावर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द उचलत विचारलं, "खंयचो रे तू?"

"कणकवलीकडचा, माई. परब."

त्यांनी माझा कागद डाव्या हाताने पुढे सरकवला आणि शिरोरेघेवर बोट ठेवलं. अक्षरं वाकडी होती, पण त्यांच्या डोक्यावरची रेघ मी सवयीने सरळ ओढली होती, एका दमात. "अक्षर वाकडं," माई म्हणाल्या. "रेघ सरळ. डाव्याला... रेघ... येत नाही."

दारात गुरुजी उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी म्हणालो, "उजव्या हाताचंच आहे, माई. मी फसवलं. तुम्हाला नाही, गुरुजींना. मला माझ्या अक्षराची घमेंड होती. बाकीचे सगळे कागद खरे आहेत. तो वरचा जाधवबाईंचा, तो खालचा पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या एका मास्तरांचा, आईशप्पथ."

गुरुजी वळून आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, चहाला लागतो त्याहून जास्त.

मी फडताळावरची पाटी काढली, जमिनीवर बसलो, उजवा हात मांडीखाली दाबला आणि लिहायला लागलो. 'माई, माझी चूक झाली.' एवढंच. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत भिकार अक्षर. 'झ' दोन वेळा पुसला, शिरोरेघ डोंगर चढून गेली. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती निरखली, अगदी वह्या तपासतात तशी. मग तोंडाचा एक कोपरा हलला.

"ह्या... खरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. डाव्या हाताने माझ्या 'झ'शेजारी दुसरा 'झ' काढला. वेळ लागला. मधे हात थांबला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो, गुरुजींसारखा. पुन्हा पाहिलं तेव्हा तो पाटीवर उभा होता, थरथरता, पण पोटातलं वळण अस्सल. माई पाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "परत काढ."

गुरुजी चहाचे कप घेऊन आले होते. पाटीकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, बहुधा नेहमीचंच वाक्य म्हणायला. ते त्यांना पुरं करता आलं नाही. रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि डोळ्यांभोवती खडू लागला. माई त्यांच्याकडे बघून हसायला लागल्या. मी तीन वेळा 'झ' काढला तेव्हा कुठे मला चहा मिळाला.

सोमवारी शाळेत जाताना रूळ मी घरच्या ट्रंकेत ठेवून दिला. शनिवारी गुरुजींनी परिपत्रक बाजूला सारलं आणि म्हणाले, "उजवा हात मांडीखाली." वर्गभर उसासे निघाले. जाधवबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली इतका दाबला की त्याला मुंग्या आल्या.

पुढे दोनेक महिन्यांनी गुरुजींनी वर्गानंतर माझ्या हातात एक पोस्टकार्ड दिलं. "तुमच्या वाटेवर टपालपेटी आहे. माई म्हणाली, परबांकडेच द्या." दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण मी जिन्यातच वाचलं. तीन ओळी होत्या. 'ताई, हे मीच लिहिते आहे. हसू नकोस. उत्तर लगेच पाठव.' ओळी खाली उतरत गेल्या होत्या, शिरोरेघ अक्षरांना कुठे भेटत होती, कुठे नव्हती. पत्ता मात्र गुरुजींनी लिहिला होता, पोस्टमनला वाचता यावा म्हणून. मी ते पेटीत टाकलं, आणि आत नीट पडलं ना, हे फटीतून वाकून दोनदा बघितलं.