द्वारकाबाईची राखीव चाल

एका जंगलात, मुलांनो, मारामारीलासुद्धा रांग होती.

आधी नव्हती. आधी ज्याला राग येई तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जाई आणि जे व्हायचं ते होई. हे आबा कासवाला फार खुपायचं, कारण आबा पोचेपर्यंत मारामारी संपलेली असायची. अख्ख्या आयुष्यात त्याला एक टोलासुद्धा हाणायला मिळाला नव्हता. शेवटी त्यानं तळ्याकाठी सभा भरवली आणि नियम करून घेतले. सभेला वेळेवर पोचावं म्हणून तो आठ दिवस आधी निघाला होता म्हणे.

नियम साधे होते. भांडण लागलं की आबानं दगडावर बसायचं आणि एकेकाची पाळी पुकारायची. आपल्या पाळीला फार तर वीस पावलं चालायचं आणि एक काम करायचं. चावा म्हणजे एकच चावा. तोवर बाकीच्यांनी गप उभं राहायचं.

शिवाय एक राखीव चाल होती. आत्ता काही करायचं नसेल तर आपली चाल राखून ठेवता येई. मात्र ती सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगावी लागे: अमुक झालं तर मी तमुक करीन. तसंच्या तसं घडलं, तर दुसऱ्याच्या पाळीतही तडाखा देता येई. नाही घडलं तर चाल फुकट.

त्या जंगलात द्वारकाबाई नावाची एक सायाळ राहायची. अंगभर काटे, स्वभावानं सरळ, नियम पाळणारी. तिला नऊ दिवसांची दोन पिल्लं होती. एका सकाळी ती कंदमुळं उकरून परत आली, तर रावजी तरस तिच्या बिळाकडे चाललेला. ती धावत जाऊन बिळाच्या तोंडावर उभी राहिली. आबाला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा ऊन चढलं होतं. तोपर्यंत दोघंही नियमाप्रमाणे थांबून होती.

पहिली पाळी द्वारकाबाईची आली. तिनं चाल राखली. तरस बिळाच्या तोंडाशी आला तर त्याच्या थोबाडात काटे रोवीन, असं तिनं मोठ्यानं सांगितलं.

रावजीनं ते नीट ऐकून घेतलं. मग तो बिळाच्या तोंडापासून चार पावलांवर येऊन बसला. तोंडाशी काही आला नाही.

तिची चाल फुकट गेली. रावजीनं आता आपली चाल राखली: सायाळ जागची हलली की मी पिल्लू उचलीन.

द्वारकाबाईच्या लक्षात आलं, की आता आपण पुढे झालो तर आपला तडाखा पोचण्याआधी याची झडप पोचणार. न हलता उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. रावजीला घाई नव्हती. आतली पिल्लं भुकेली होती, ती कधी ना कधी बाहेर येणारच, हे त्यालाही कळत होतं.

बातमी पसरली आणि मदतीला लोक जमले. रानडुक्कर आलं, गवा आला, सांबर आलं. द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग डुकरानं आपली चाल राखली: गवा पुढे झाला तर मी तरसाला धडक देईन. गव्यानं राखली: सांबरानं शिंगं रोखली तर मी धावून जाईन. सांबर म्हणालं, डुकरानं सुरुवात केली तर मी आहेच. तिघांनीही हे मनापासून सांगितलं होतं. आबानं तिघांची चाल ग्राह्य धरली.

मदतनीस वाढले, तशी रांगही वाढली. आता एक फेरी पुरी व्हायला पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ लागू लागला. दर फेरीला तिघं आपापली चाल नव्यानं राखत आणि एकमेकांकडे बघत उभे राहत. पिल्लांचं कुईकुई बारीक होत चाललं. द्वारकाबाईला प्रत्येक आवाज ऐकू येत होता आणि पाळी आली तरी तिला हलता मात्र येत नव्हतं.

दुपार कलली. एका पिल्लानं बिळातून नाक बाहेर काढलं. द्वारकाबाईनं मागच्या पायानं त्याला हळूच आत ढकललं.

रावजी ताडकन उठला. सायाळ हलली, असं त्याचं म्हणणं पडलं.

आबानं त्याला थांबवलं. पाय हलला म्हणजे सायाळ हलली असं धरायचं का, हा प्रश्न नवा होता. डुकराच्या मते पाय हा सायाळीचाच भाग होता. गव्याला वाटत होतं की चारही पाय हलायला हवेत. रावजी आबाकडे तोंड करून, पंजा उगारून आपली बाजू मांडू लागला.

द्वारकाबाईनं त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहिलं. आत एक पिल्लू रडायचं थांबलं होतं.

ती गर्रकन वळली, काटे फुलवले आणि उलट्या पावलांनी सुसाट त्याच्यावर गेली. चाहूल लागून रावजी मागे वळला, तेव्हा काटे त्याच्या नाकातच शिरले.

"माझं बोलणं चालू होतं," एवढंच तो म्हणाला आणि पळत सुटला. तो डुकराच्या, गव्याच्या आणि सांबराच्या समोरून गेला. पण कोणाचीच अट पुरी झालेली नसल्यामुळे तिघंही जागेवर राहिले.

द्वारकाबाई बिळात शिरली. गप्प झालेलं पिल्लू थकून झोपलं होतं. तिनं त्याला चाटून उठवलं आणि पाजलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. पाळी नसताना हल्ला केल्याबद्दल द्वारकाबाईची वर्षभराची पाळी काढून घेतली गेली. दिवसभर सज्ज राहिल्याबद्दल डुक्कर, गवा आणि सांबर यांचा सत्कार झाला. रावजीला झालेल्या मनस्तापापोटी एक जादा चावा मंजूर झाला. द्वारकाबाई मान खाली घालून परतली. वर्षभर पिल्लांना कसं सांभाळावं, या विचारानं तिला घास उतरेना.

चार दिवसांनी सुजलेलं नाक घेऊन रावजीच आबाकडे आला. सायाळीची पाळी तिला परत द्या, अशी त्याची विनंती होती. आबाला नवल वाटलं. त्यानं कारण विचारलं.

"जिला पाळीच नाही, ती कधी अंगावर येईल याचा नेम काय?" रावजी म्हणाला.

आबानं सांगितलं, की सभेचा निर्णय सभाच बदलू शकते आणि पुढची सभा पावसाळा संपल्यावर आहे. रावजी त्याच दिवशी पलीकडच्या डोंगरावर राहायला गेला. हे ऐकल्यावर द्वारकाबाई त्या रात्री पोटभर जेवली.

तात्पर्य: मुलांनो, संकटात नेहमी आपल्या पाळीची वाट पाहावी. न पाहिल्यास पिल्लं वाचतात, पण सत्कार दुसऱ्यांचा होतो.