जगदाळ्यांची वीट

आमच्या शेजारचे जगदाळे लग्नाला जाताना एका हातात आहेर आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन निघत. पिशवीत वीट असे. पंगत उठली की ते यजमानांकडे बादलीभर पाणी मागत, वीट त्यात सोडत आणि म्हणत, "आता बघा भिया, सबूत समोर आहे!" पानसुपारी होईपर्यंत बादलीत लाल चिखल.

माझ्याकडे हा प्रयोग त्यांनी तांब्याच्या घंगाळात केला. घंगाळ मी त्यांच्याकडूनच घासून घेतलं. पुढच्या वेळी ते स्वतःची बादली घेऊन आले.

त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. जगदाळे नव्या राज्याच्या बांधकाम खात्यात कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या विटांच्या फायली पाहिल्या आणि स्वतःच्या पलासियातल्या घराला मात्र कच्ची वीट लागली. पण त्या भिंती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकुलत्या एक लेकीनं, सुशीनं, सासरी निघताना, शेजारच्या मालवी बायकांचं पाहून, पुढच्या खोलीत हळदीच्या हातांचे ठसे उमटवले, तर हे मांडवात ओरडले, "आपल्यात असलं काही नसतं! नवी दीवार खराब केली. उद्याच चुना मारतो!" पोर बेळगावला रडत गेली, ती पुन्हा आलीच नाही.

पुढे त्याच भिंतीला लोणा लागला. खारानं गिलावा पापडासारखा सुटू लागला. वीट पुरवणारे भट्टीवाले बाबूलालजी म्हणाले, "ईंट तो पक्की है, बाबूजी, आपके मिस्त्री ने काम बिगाड़ा." जगदाळे कोर्टात गेले.

तेव्हापासून त्यांच्याकडे गेलेला माणूस, मग तो पोस्टमन का असेना, भिंतीवर टिचकी मारल्याशिवाय सुटत नसे. फक्त कोपऱ्यातल्या कॅलेंडरला हात लावायचा नाही. ते जुनं झालं, पिवळं पडलं, तरी तिथंच.

"भाऊजी, नवं तरी लावा," मी म्हटलं.

"तो कोपरा सोडा, वहिनी. बाकीची भिंत बघा, कशी सडलीय!"

वकील कंटाळले, जगदाळे नाही. शेवटी बाबूलालजीच थकले. त्यांनी कोर्टात कबूल केलं: भिंत पाडून, पक्क्या विटांची नवी बांधून देतो. जगदाळ्यांनी आळीभर पेढे वाटले.

बाबूलालजी मिस्त्री आणि कुदळीवाले मजूर घेऊन आले त्या सकाळी मी चहा घेऊन गेले. जगदाळे कॅलेंडरला पाठ लावून उभे होते.

"अरे बाबूजी, हटिए ना! आप ही तो बोलते थे, दीवार सड़ी हुई है!" बाबूलालजींनी कपाळाला हात लावला.

"सडलीच आहे," जगदाळे म्हणाले. हलले मात्र नाहीत.

मी चहा खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावरून कॅलेंडर उचललं. मागे हळदीचे दोन पंजे. एका करंगळीपर्यंत लोणा येऊन पोचला होता. चुना कधी मारलाच नव्हता.

मिस्त्रीला म्हटलं, "एवढा तुकडा सोडून बाजूनं बांध."

"टिकेगा नहीं, बाई."

"पोरगी येईपर्यंत टिकव. मी आजच तिला पत्र टाकते."

जगदाळ्यांनी चहाची बशी उचलली.

"या भिंतीचं नका लिहू, वहिनी," ते म्हणाले. "ती विचारेल, मग ओरडलात कशाला?"