युरोपात आपलं कोन हाय?

बबनमामाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. टेबलावर झोपवल्यावर भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "काका, आता एक ते दहा आकडे म्हणा." मामानं आकडे म्हटले नाहीत. त्यानं विचारलं, "डाक्टर, तुमी मूळचे कुठले?" डॉक्टर म्हणाले, "बार्शीटाकळीचा." मामा म्हणाला, "बार्शीटाकळीत कोनाचे?" आणि उत्तर कानावर पडायच्या आत त्याला भूल चढली. शुद्धीवर आला तेव्हा मामी उशाशी डोळे पुसत उभी होती. मामानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाचे म्हने ते?"

संध्याकाळपर्यंत ते डॉक्टर मामाच्या साडूच्या चुलत बहिणीच्या घरातले निघाले. ते निघणारच होते. मामाला आजवर परका माणूस भेटलेला नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात मामाचं बी-बियाण्याचं दुकान आहे. आता त्याचा मुलगा नितीन ते पाहतो, पण गल्ल्याशेजारची खुर्ची अजून मामाचीच. नवं माणूस दुकानात शिरलं की मामाची तपासणी सुरू होते. आधी नात्यात बघायचं, नात्यात नाही निघालं तर गावात, आणि गावातही नाही तर गिऱ्हाइकीत. "तुमच्या आज्याले तुरीचं बी मीच देल्लं होतं," एवढा धागा सापडला तरी माणूस आपला झाला. जात-पात, पक्ष, श्रीमंती काही आड येत नाही. वसुलीला आलेल्या बँकेच्या माणसालाही मामानं मावसभाऊ ठरवून जेवायला घातलं होतं. त्यानंतर बँकेनं माणूस बदलला.

अशा माणसाला लॉज कसं चालावं? "लॉज ज्याचं कोनी नाही त्याच्यासाठी असते," असं तो म्हणतो. त्यामुळे मामाचं कुटुंब सगळीकडे फिरलं, पण पाहुण्यांच्या सोयीनं. महाबळेश्वरला आपलं कोणी नाही म्हणून मुक्काम साताऱ्याला, कधीकाळी अकोल्यात नोकरी केलेल्या एका कृषी अधिकाऱ्याकडे. अलिबागला तसाच एक नायब तहसीलदार सापडला. मामी त्या सहलीची आठवण काढते तेव्हा म्हणते, "समुद्र पाह्यला ना, नाही कशाले म्हनू? त्याइच्या गच्चीवर बसून, मेथी निवडता निवडता."

साऱ्या महाराष्ट्रात ज्याला घरं होती, तो मामा फक्त एका घरी कधी जेवला नाही. ते घर त्याच्या लेकीचं, वैशालीचं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. आता कोणी पाळत नाही. मामाच्या थोरल्या भावानं तर लेकीच्या लग्नानंतर महिन्याभरातच तिच्याकडे पुरणपोळीवर ताव मारला होता. मामाही तसा काही मानणारा नाही. दुकानाचं उद्घाटन त्यानं अवसेला केलं, कारण त्या दिवशी पेढे ताजे मिळतात आणि गर्दी नसते. पण ही एक रीत त्यानं धरली ती धरलीच. वैशाली लग्नानंतर पुण्यात होती तेव्हा तो तिच्या घरी जायचा, सोफ्याच्या कडेला बसायचा आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचा. पुढे वैशाली आणि जावई जर्मनीला गेले, स्टुटगार्टला. मग बसायला जाणंही राहिलं.

वैशालीला मूल झालं नाही. सुरुवातीला ती बापाच्या बाटलीवर हसायची. मग हसणं बंद झालं. आम्ही दोघी बरोबरीच्या, आते-मामे बहिणी कमी आणि मैत्रिणी जास्त. एकदा फोनवर ती मला म्हणाली, "बाबाची ते बाटली डोयापुढं आली ना, का मले नापास झाल्यासारखं वाटते." मी विषय बदलला.

या एप्रिलात तिनं मामीला फोन करून सांगितलं, की आता औषधं नको, इंजेक्शनं नको, आम्ही थांबतो. "आई, आमी दोघंच बरे हावो." मामी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मामा पेपर वाचत होता. मामी म्हणते, त्या दिवशी त्यानं पान उलटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मामानं जाहीर केलं, "आपुन युरोप पाहून येऊ."

नितीनला वाटलं, युरोप नावाचं नवीन बियाणं आलं. मामानं खुलासा केला. मामा-मामी, नितीन आणि त्याची बायको, चौघांनी मे महिन्यात जायचं, मृगाच्या आधी परत यायचं, कारण तेव्हा दुकान सोडता येत नाही. देश कोणते? "जे जवळ जवळ असतील ते." मला अमरावतीहून बोलावून घेतलं. मी एकदा बँकेतल्या मैत्रिणींबरोबर दुबईला जाऊन आले आहे, त्यामुळे घरात परदेश हा विषय माझ्याकडे असतो.

व्हिसाच्या एजंटनं वेळ ऐकून कपाळाला हात लावला. तो बाळापूरचा होता. त्याच्या काकांशी मामाचे जुने संबंध निघाले, आणि तारीख मिळाली. मी मामीला हळूच विचारलं, "सरळ लेकीकडे चाललो म्हणायचं ना, युरोप कशाला?" मामी म्हणाली, "लेकीकडं म्हटलं तं गल्लीतलं मानूस काय इचारते? गोड बातमी हाय का? युरोप म्हटलं का कोनी काही इचारत नाही." मग मला त्या युरोपचा अर्थ कळला.

नितीननं लॅपटॉप उघडून सगळ्यांना नकाशा दाखवला. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, मग स्वित्झर्लंड. मामा प्रत्येक नावावर एकच विचारायचा, "तिथं आपलं कोन हाय?" आणि फोन हातात घ्यायचा. दोन दिवस त्यानं फोन खाली ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी युरोपात वऱ्हाड वसलं. पॅरिसमध्ये मूर्तिजापूरच्या एका कापूस व्यापाऱ्याचा पुतण्या निघाला. ब्रुसेल्सला चांदूर बाजारच्या संत्रेवाल्यांची सून. ॲमस्टरडॅमजवळ बार्शीटाकळीचा एक मुलगा शिकत होता, ज्याच्या आजोबांना मामानं उधारीवर बी दिलं होतं आणि ज्यांनी ते एका हंगामात फेडलं होतं. "खानदानी मानूस," मामा म्हणाला. संत्रेवाल्यांच्या सुनेचा भाऊ रोमला आहे असं कळल्यावर कोणी न मागता इटली यादीत आली.

स्वित्झर्लंडात कोणी निघेना. मामानं जंग जंग पछाडलं, पण नाही. शेवटी तो म्हणाला, "स्वित्झर्लंड काटून टाक."

"बाबा, लोक स्वित्झर्लंडसाठीच युरोपात जाते," नितीन रडकुंडीला आला होता.

"जाऊ दे त्याइले. तिथं बरफ हाय, मानूस नाही."

सगळे हसलो. मग जर्मनी आली. मामा नकाशाकडे न बघता म्हणाला, "वैशूकडं दुपारी पोचू. जेवन रस्त्यातच करून घेऊ. संध्याकायच्या गाडीनं पुढं."

मामी कप गोळा करून आत गेली. मी म्हटलं, "मामा, इतक्या वर्षांनी पोरीच्या दारात जाशील आणि चहा न घेता उठशील?"

"तुले नाही समजत ते, माय," तो म्हणाला. आवाज चढवून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो अगदी मऊ बोलला, त्यामुळे मला जास्तच राग आला. पॅरिसला कुणाच्या तरी पुतण्याच्या ताटावर बिनदिक्कत बसणारा हा माणूस पोटच्या पोरीकडे बाहेरून जेवून जाणार होता. वैशालीला हा बेत कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात मात्र युरोपातलं वऱ्हाड विरायला लागलं. माणसं चांगली होती, घरं लहान होती. पॅरिसचा पुतण्या एका खोलीत दोघांबरोबर राहत होता. ब्रुसेल्सची सून गोड आवाजात म्हणाली, "काका, जेवायला नक्की या. राहायला जवळच छान हॉटेल आहे, मी लिंक पाठवते." बार्शीटाकळीच्या मुलानं स्वतःची खाट देऊ केली, पण त्याच्या घरमालकाला पाहुणे चालत नव्हते. रोमनं फोनच उचलला नाही. मामा प्रत्येकाला म्हणायचा, "चालते ना बाप्पा, त्यात काय?" आणि पुढचा नंबर लावायचा.

"त्याइची काही चुकी नाही," एकदा तो आपणहोऊन म्हणाला. "तिकडं जागाच कमी हाय."

नितीननं सगळीकडे हॉटेलं पाहायला घेतली. मामानं हरकत घेतली नाही. मामा हरकत घेत नाही म्हटल्यावर मामीनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. नितीनला तेवढ्यात उत्साह आला. त्यानं स्वित्झर्लंडही परत घातला आणि लगेहात म्हणाला, "मंग स्टुटगार्टलेही हॉटेलच घेतो, दोन दिवस. वैशूच्या घरून पायी जाता येते. निवांत भेटनं होईन." त्यानं लॅपटॉप मामाकडे फिरवला. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र चादरींची खोली होती, पलंगावर घडी घातलेले दोन टॉवेल.

मामानं चष्मा लावला. बराच वेळ त्या खोलीकडे पाहत राहिला.

"हे वैशूच्या गावात हाय?"

"हो."

"लेकीच्या गावात लॉजमंदी राहाचं?"

"मंग काय करू, बाबा? तिच्या घरी तं तुमी राहत नाही," नितीन म्हणाला. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. तो खरंच विचारत होता.

मामा उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. उन्हानं ओटा तापला होता, त्याला त्याचं भान नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले.

"तुले वाटत असन, मामा जुन्या इचाराचा हाय," तो म्हणाला.

"आहेसच."

"नाही वं माय. मी काही मानत नाही. कायचं पाप अन् कायचं पुन्न." तो रस्त्याकडे बघून बोलत होता. "आधी नुसती रीत म्हनून धरली. पन पुन्यातच तिचं ते सुरू झालं ना, दवाखाना, सुया, तवापासून मले वाटे, आपुन हे एवढं पाळलं तं तिले होईन. दुसरं काय होतं माया हातात? डाक्टर आधी पुन्याचे, मंग तिकडचे. पैसा तं ते घेतच नव्हती माया. अन् मंग भेव वाटाले लागलं. मी तिच्या घरी जेवलो, तं तिले वाटीन का बाबानंही आस सोडली. म्हनून नाही जेवलो. एक घास नाही खाल्ला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्या गोष्टीमुळे लेक इतकी वर्षं मनातून झुरत होती, ती गोष्ट हा बाप तिच्यासाठी नवसासारखी धरून बसला होता. दोघांपैकी कुणीही एकमेकांना शब्दानं विचारलं नव्हतं. बार्शीटाकळीत कोणाचे, हे विचारायला त्याला कधी संकोच वाटला नाही. पोरीला काय वाटतं, हे मात्र त्याला विचारता आलं नाही.

मी त्याला सांगून टाकलं. बाटलीचं, नापास झाल्यासारखं वाटण्याचं, सगळं.

"नापास?" मामा म्हणाला. "असं म्हने वैशू?"

मी मान हलवली. मामानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मामी दारात येऊन उभी राहिली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली तापलेल्या ओट्यावर त्याच्या शेजारी बसली.

"लाव तिले फोन," मामा मला म्हणाला.

मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. आमच्याकडे बापानं स्वतःहून लेकीला फोन करायचा म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. वैशाली घाबरूनच बोलली, "बाबा? काय झालं? आई बरी हाय ना?"

"सगळे बरे हायेत. आमी येऊन राहिलो."

"माहीत हाय बाबा. नितीननं सांगतलं. दुपारी येता अन् संध्याकायी जाता." तिचा आवाज सपाट होता. ते ऐकून मामी पदराशी चाळा करायला लागली.

"नाही. तुयाकडंच येतो. आठ-दहा दिस राहू. पॅरिस-बिरिस नितीन पाहीन त्याच्या बायकोसोबत." मामा थांबला. "तुया हातचं लग्नापासून खाल्लं नाही वं मी. जेवाले काय करशीन?"

मला वाटलं फोन कट झाला. मग एक लांब श्वास ऐकू आला, आणि नाक ओढल्याचा आवाज, आणि मग वैशालीचा आवाज, लहानपणी आमच्या घरी सुट्टीला यायची तेव्हासारखा.

"बाबा, तुमी आता तिखट किती खाता? मले काही अंदाजच नाही."

मामानं फोन मामीच्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सांग तिले," तो म्हणाला, "वैशू जसं करीन तसं खाईन म्हनावं."